इमारत गरिबांची, आराखडा कुणाचा?

गरिबांसाठी चार मजली इमारत उभी राहणार अशी नुसती कुणकुण लागली की आपल्या गावांत दोन आवाज उठतात. पहिला आसपासच्या प्लॉटवाल्यांचा. "इथं झोपडपट्टी आणून बसवू नका, आमच्या जागेचे भाव पडतील." दुसरा, ज्यांच्यासाठी ती इमारत बांधायची त्यांचा. परभणीच्या मोहल्ल्यांतल्या दखनीत तो साधारण असा असतो, "ऊपर जाके किधर रहना जी? हमारे को नक्को." सरकार दरबारी या दोन्ही आवाजांची एकच मोट बांधली जाते आणि लोकांनाच फ्लॅट नको आहेत, असा शेरा मारून विषय संपवला जातो.

हे दोन आवाज एक नाहीत. पहिला माणसांना नाकारतो, दुसरा आराखड्याला नाकारतो. पहिल्याला उत्तर द्यायचे असते आणि दुसऱ्याचे ऐकायचे असते. आपल्याकडे नेमके उलटे चालते. प्लॉटवाल्यांचे ऐकून घेतले जाते आणि गरिबाला सुनावले जाते, "सरकार देतंय ना, मग कुरकुर कशाला?"

फ्लॅट हवेतच

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. मी फ्लॅटच्या विरोधात नाही. परभणीसारख्या शहराला गरिबांसाठी बहुमजली इमारतींची गरज आहे, असे माझे ठाम मत आहे.

२५ जून २०१५ रोजी प्रधानमंत्री आवास योजना (शहरी) सुरू झाली. तिचे चार घटक होते. झोपडपट्टीचा जागेवरच पुनर्विकास, गृहकर्जाच्या व्याजावर अनुदान, भागीदारीतून परवडणारी घरे आणि स्वतःच्या जागेवर घर बांधणाऱ्याला अनुदान. देशभरात सर्वाधिक घरे या शेवटच्या घटकातून मंजूर झाली. त्यात महाराष्ट्रात केंद्राचे दीड लाख आणि राज्याचे एक लाख असे अडीच लाख रुपये मिळतात. 'घरकुल' म्हटले की आपल्या लोकांच्या डोळ्यांसमोर हेच चित्र येते. स्वतःचा जमिनीचा तुकडा, हप्त्याहप्त्याने येणारे पैसे आणि प्रत्येक टप्प्याला मोबाइलवर फोटो काढायला येणारा माणूस.

पण ज्याच्याकडे तुकडाच नाही त्याने काय करायचे? शहरातल्या गरीब मुस्लिम आणि दलित वस्त्यांत दोन प्रकारची माणसे ठासून भरलेली आहेत. एक, पिढ्यान् पिढ्या भाड्याच्या खोलीत राहणारी. दुसरी, बाँड पेपरवर गुंठा-दीड गुंठा घेऊन बसलेली. ताबा आहे, घर आहे, वीज मीटर आहे, पण मालमत्ता पत्रक नाही. गुंठेवारी नियमित करण्याचा कायदा २००१ साली झाला. २०२१ मध्ये दुरुस्ती होऊन ३१ डिसेंबर २०२० पर्यंतची प्रकरणे त्यात आणली गेली. पण नियमित करायचे तर शुल्क भरावे लागते, नकाशा लागतो, चकरा माराव्या लागतात. रोज हातगाडी लावली तरच चूल पेटते अशा माणसाला हे जमत नाही. म्हणजे ज्याला छताची सर्वात जास्त गरज, तोच कागदाअभावी रांगेतून बाहेर पडतो. अनुसूचित जातींसाठी रमाई, आदिवासींसाठी शबरी अशा स्वतंत्र योजना आहेत आणि त्या असायलाच हव्यात. शहरातल्या मुस्लिम गरिबाचा मुख्य आधार मात्र ही सर्वसाधारण योजनाच आहे. त्यात जागेची अट आली की त्याचा विषय संपला. जागा नसलेल्यांसाठी एकच रस्ता उरतो. सरकारी जमिनीवर, सामायिक पायावर, एकावर एक घरे.

पायाचा मुद्दाही साधा नाही. परभणीची काळी जमीन कापसाला सोन्यासारखी आणि घराच्या पायाला वैरी. पावसाळ्यात ती फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि हातभर भेगा पाडते. तिच्यावर वरवरचा पाया घेऊन बांधलेल्या एकमजली घराला दोन-तीन वर्षांत भिंतीत चीर जाते. खोल पाया घ्यायचा तर अडीच लाखांतला मोठा वाटा जमिनीतच गडप होतो. तोच खर्च सोळा कुटुंबांनी मिळून उचलला तर पाया पक्का होतो आणि प्रत्येकाच्या वाट्याला कमी येतो. शिवाय वांगी रोड असो की धार रोड, शहर जसजसे पसरते तसतसे शेतीचे प्लॉट पडत जातात आणि नाली, रस्ता, नळ वर्षानुवर्षे मागून येतात. शहर आडवे पसरवत नेणे ही चैन गरिबाच्याच पायपिटीवर चालते.

तेव्हा प्रश्न फ्लॅट हवेत की नकोत हा नाही. प्रश्न आहे, हे कसले फ्लॅट?

तीस चौरस मीटरमधला संसार

योजनेच्या मूळ नियमाप्रमाणे आर्थिक दुर्बल घटकासाठीच्या घराचे चटई क्षेत्र ३० चौरस मीटरपर्यंत होते. म्हणजे सुमारे ३२३ चौरस फूट. शेजारच्या तेलंगणाने दोन बेडरूमची घरे द्यायचे ठरवले तेव्हा ५६० चौरस फुटांचे माप धरले. तिथेही आश्वासने जास्त आणि घरे कमी, हे खरे. पण माप ठरवताना निदान कुणाला तरी वाटले की गरिबाच्या घरात म्हातारी आई असते, लग्नाची पोरगी असते आणि नवीन सूनही असते. एकेकाळी आपणही त्याच हैदराबाद संस्थानात होतो. मुसीच्या १९०८ च्या महापुरानंतर, १९१२ मध्ये तिथे सिटी इम्प्रूव्हमेंट बोर्ड स्थापन झाले आणि त्याने गरिबांसाठीही घरे बांधली. गरिबाच्या घराचा विचार सरकारने करायचा असतो, हे आपल्या भागाला शंभर वर्षांपूर्वीच माहीत होते.

पण मी चौरस फुटांवर अडून बसणार नाही. तेवढ्याच जागेत माणसासारखे राहता येते आणि तेवढ्याच जागेत गुदमरताही येते. फरक आराखड्याने पडतो. आणि आराखडा करणाऱ्याला परभणी माहीत नसते. मुंबई-पुण्यातला नकाशा जिंतूरला चालतो, सेलूला चालतो, गंगाखेडलाही चालतो, असे गृहीत धरले जाते.

उन्हाचेच घ्या. मे महिन्यात आपला पारा ४५ अंशांवर जातो. कृषी विद्यापीठाची नोंद रोज पेपरात येते आणि आपण ती पावसाच्या बातमीसारखी वाचतो. जुन्या माणसांनी या उन्हावर उपाय शोधला होता. जाड मातीच्या भिंती, लाकडी तुळयांवर घातलेले मातीचे माळवद, छोट्या खिडक्या आणि रात्री झोपायला वरचा धाबा. आजच्या इमारतीत पाच इंची स्लॅब आणि चार-सहा इंची भिंत. मोठ्या प्रकल्पांत तर भिंतीही साच्यात ओतलेल्या काँक्रीटच्या असतात. काम झपाट्याने होते, पण भिंत दिवसभर ऊन पिते आणि रात्रभर ते घरात सोडते. वरच्या मजल्यावर राहणाऱ्याला विचारा, रात्री एक वाजता पंखा कसली हवा फेकतो. गच्ची असते, पण तिला कुलूप असते. वर टाक्या आहेत, पोरे पडतील, भांडणे होतील, अशी कारणे सांगितली जातात. मराठवाड्यातल्या माणसाची उन्हाळ्यातली झोपायची खोली काढून घेतली हे कुणाच्या लक्षातच येत नाही. गच्चीला छातीएवढा कठडा आणि वर पांढऱ्या चुन्याचा हात, एवढे केले तरी निम्मे दुखणे कमी होईल. याला परदेशी तंत्रज्ञान लागत नाही.

मग पाणी. मराठवाड्यात नळाला रोज पाणी येते असे सांगितले तर पाहुणे हसतात. पाणी साठवावे लागते, ड्रम लागतात, हौद लागतो. नकाशात ड्रमला जागा नसते. तो संडासाच्या दारात उभा राहतो, नाहीतर जिन्यात. खालच्या टाकीतून वर पाणी चढवणाऱ्या मोटारीचे बिल थकले की वीज तोडली जाते. मग तिसऱ्या मजल्यावर पाणी चढते ते बाईच्या कमरेवरून.

मग धंदा. आपल्या गरिबांचे घर हे नुसते घर नसते. ते दुकान, कारखाना आणि गोदामही असते. बागवानाची हातगाडी आणि केळीचे घड, पिंजाऱ्याचा कापूस, शिवणकाम करणाऱ्या आपाची मशीन, भंगारवाल्याचे पोते, रिक्षा, चार बकऱ्या. हे सगळे तिसऱ्या मजल्यावर कुठे जाणार? तळमजल्यावर दोन-चार गाळे आणि हातगाड्यांसाठी एक झाकलेला ओटा ठेवला असता तर बाईने घरकुल नाकारले नसते. ती फ्लॅटला नाही, रोजगार बुडण्याला नाही म्हणत असते.

मग आडोसा. छोट्या इमारतीत समोरासमोर दोन दारे असतात. दार उघडे ठेवले तर समोरच्या घरातून थेट चूल दिसते, बंद केले तर वारा अडतो. परद्याचा मुद्दा काढला की पुरोगामी मित्र कपाळाला आठ्या घालतात. पण शेजारची हिंदू बाईसुद्धा भरदुपारी दार सताड उघडे टाकून अंग टेकू शकत नाही. हा आडोशाचा प्रश्न आहे, धर्माचा नाही. दोन दारे हातभर सरकवली, मध्ये जाळीची अर्धी भिंत घातली तर तो सुटतो. खर्च नगण्य. पण नकाशा काढणाऱ्याने कधी घरातल्या बाईला विचारलेले नसते.

आणि जिना. हे लिहिताना जीव कासावीस होतो, पण लिहायलाच हवे. जिना अरुंद आणि वळण आवळलेले असले की तिसऱ्या मजल्यावरून जनाजा उतरत नाही. मयताला चादरीच्या झोळीत घालून, भिंतीला घासत, चार माणसे उलट्या पावली खाली आणतात. वरच्या घरात गुस्ल द्यायला जागा नसते आणि खाली आडोसा नसतो. शेजारच्या मजल्यावरच्या मातंग कुटुंबाचीही तीच गत. त्यांची तिरडी खाली तयार असते, पण माणूस वरून खाली यायचा तो असाच. जिवंतपणी बाळंतिणीला आणि दम्याच्या म्हाताऱ्याला तोच जिना चढावा-उतरावा लागतो. माणसाला घरातून शेवटचे निघताना तरी आडवे निघता यावे, एवढी रुंदी जिन्याला ठेवायला किती सिमेंट लागते?

अंधार नकाशातून येतो

कुणी म्हणेल, हे किरकोळ मुद्दे आहेत, डोक्यावर छत मिळाले हे काय कमी आहे? त्याने मुंबईच्या मानखुर्द-गोवंडीकडे पाहावे. रेल्वे आणि रस्ते प्रकल्पांत विस्थापित झालेल्या लोकांना तिथे लल्लूभाई कंपाउंड, नटवर पारेख कंपाउंड अशा वसाहतींत घरे दिली गेली. नियम सैल करून इमारती इतक्या जवळ उभ्या केल्या की दोन इमारतींमधले अंतर जेमतेम ३ मीटर. खालच्या मजल्यांवर दिवसाही दिवा लावावा लागतो. 'डॉक्टर्स फॉर यू' या संस्थेने आयआयटी मुंबईतील संशोधकांसोबत अभ्यास केला. तो २०१८ मध्ये पुढे आला. या दोन वसाहतींची तुलना मानखुर्दच्याच पीएमजीपी कॉलनीशी केली गेली. तिथे इमारती मोकळ्या आहेत, हवा आणि ऊन पोहोचते. दाटीच्या वसाहतींत क्षयरोगाचे प्रमाण कित्येक पटींनी जास्त आढळले आणि त्यातही खालच्या मजल्यांवर ते अधिक होते.

याचा अर्थ नीट समजून घ्या. उपनगर तेच, गरिबी जवळपास तीच. फरक दोन इमारतींमधल्या अंतराचा. नकाशावरची एक रेघ अलीकडे ओढली म्हणून माणसांच्या फुप्फुसांत जंतू गेले. आणि बाहेरचा माणूस काय म्हणतो? "या लोकांना स्वच्छ राहायची सवयच नाही." आधी अंधार बांधायचा आणि मग अंधारात राहणाऱ्याला घाणेरडा म्हणायचे. गरिबांच्या इमारतींविषयीचे जवळपास सगळे लोकमत या एका अप्रामाणिकपणावर उभे आहे.

जिन्यात पानाच्या पिचकाऱ्या, बंद पडलेला पंप, तुटलेली ड्रेनेज लाइन दाखवून सांगितले जाते, पाहा, यांना फ्लॅट देऊन काय उपयोग! खासगी अपार्टमेंटमध्ये महिन्याला हजार-दीड हजार मेंटेनन्स गोळा होतो, वॉचमन असतो, झाडणारी बाई असते. ते सगळे काढून घ्या आणि सहा महिन्यांनी त्या अपार्टमेंटचा जिना बघायला जा. स्वच्छता संस्कारातून येत असेल तर मग मेंटेनन्स कशाला भरता?

शेजार कुणाला नको आहे?

आता पहिल्या आवाजाकडे वळू. भाव पडतील म्हणणाऱ्या आवाजाकडे. इमारत तीच असते. एखाद्या बिल्डरने चार मजले चढवले, बाहेर दोन रंगांचे पट्टे ओढले आणि 'रेसिडेन्सी' अशी पाटी लावली की तो विकास असतो. तेवढेच मजले महापालिकेने किंवा म्हाडाने चढवले की ती झोपडपट्टी. भावाची चिंता इमारतीमुळे नाही, आत कोण येणार यामुळे आहे.

आणि येणाऱ्याचे नाव मुसलमानाचे असेल तर मग बोलायलाच नको. वडोदऱ्याच्या हरणी भागात महापालिकेने मुख्यमंत्री आवास योजनेत ४६२ घरे बांधली. २०१७ मध्ये एका मुस्लिम महिलेला नियमाप्रमाणे त्यातले एक घर मिळाले. संपूर्ण वसाहतीत एकटी मुस्लिम लाभार्थी. ती स्वतः केंद्र सरकारच्या एका खात्यात नोकरीला. तरीही रहिवाशांच्या एका गटाने तक्रारी केल्या, की हिच्यामुळे धोका आणि उपद्रव होईल. जून २०२४ मध्ये त्यासाठी आंदोलनही झाले. ४६२ घरांना एका घराची भीती! ती घरे ज्यांना मिळाली तेही कालपर्यंत गरीबच होते. सरकारच्या अनुदानातून छत मिळाले, आणि वर गेल्यावर पहिले काम काय, तर मागून येणाऱ्याची शिडी ओढणे.

मुस्लिमांना मिश्र वस्तीत घर मिळणे कठीण जाते, हे २००६ च्या सच्चर समितीच्या अहवालातच नोंदवलेले आहे. पण खासगी घरमालक नकार देतो तेव्हा त्याला निदान तोंड लपवावे लागते. सरकारी पैशाने बांधलेल्या घरात हा नकार उघडपणे मोर्चा काढून मागितला जातो, हे नवीन आहे. म्हणून वाटपाची पद्धत हा आराखड्याचाच भाग मानला पाहिजे. सिंगापूरमध्ये सुमारे ८० टक्के लोक सरकारी मंडळाने बांधलेल्या इमारतींत राहतात. तिथे सरकारी फ्लॅट म्हटले की कुणी नाक मुरडत नाही, कारण नाक मुरडणाराही तिथेच राहतो. आणि १९८९ पासून प्रत्येक इमारतीत वेगवेगळ्या समाजांचे प्रमाण ठरवून दिलेले आहे. त्या पद्धतीचे तोटेही आहेत. पण शेजार आपोआप घडत नाही, तो घडवावा लागतो, एवढे तिथल्या सरकारला कळले. आपल्याकडे मात्र मुस्लिम वस्तीजवळ मुस्लिमांची इमारत, भीमनगरजवळ बौद्धांची इमारत अशी सोयीची वाटणी होते आणि मग त्याच वस्त्यांना 'मिनी पाकिस्तान' म्हणून हिणवायला लोक मोकळे.

दुसऱ्यांवर बोट दाखवताना आपल्या घरातही डोकावू. आपल्या समाजातले जे चार पैसेवाले आहेत, ते काय करतात? शेती घेतात, बाँडवर गुंठे पाडतात, आणि आपल्याच गरीब भावाला नाली-रस्ता नसलेला तुकडा चढ्या भावाने विकतात. सरकारी इमारतींचा विषय निघाला की हेच लोक मोहल्ल्यात सांगत फिरतात, "फ्लॅट में अपने लोगां नहीं रह सकते, परदा नहीं रहता." परद्याची एवढी काळजी असती तर विकलेल्या लेआउटमध्ये बायकांसाठी संडासाची लाइन तरी टाकली असती. गरिबाला फ्लॅट मिळाला तर यांचा गुंठा कोण घेणार, ही खरी अडचण आहे. जुम्याच्या बयानात सूद हराम आहे हे आपण ऐकतो, जागेच्या या धंद्याविषयी कधी ऐकल्याचे मला आठवत नाही.

सोलापूरने काय केले

हे बदलू शकते का? बदलू शकते, आणि त्यासाठी फार लांब जावे लागत नाही. सोलापूरला जा.

तिथल्या विडी कामगार बायकांनी, आडम मास्तरांच्या म्हणजे नरसय्या आडम यांच्या नेतृत्वाखाली, आधी कुंभारीच्या माळावर कॉम्रेड गोदूताई परुळेकर यांच्या नावाने १० हजार घरांची वसाहत मिळवली. २००६ मध्ये तत्कालीन पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्ते तिचे लोकार्पण झाले. त्यानंतर असंघटित कामगारांसाठी ३० हजार घरांचे रे नगर. ९ जानेवारी २०१९ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदींच्या हस्ते पायाभरणी आणि १९ जानेवारी २०२४ रोजी त्यांच्याच हस्ते पहिल्या १५ हजार घरांचे वाटप. त्या दिवशी भाषण करताना त्यांचाही गळा दाटून आला होता. लाल बावट्याची संघटना आणि भाजपचे पंतप्रधान एका मंचावर यावेत, एवढी ताकद त्या बायकांच्या मागणीत होती. या घरांत तेलुगू पद्मशाली आहेत, मुस्लिम आहेत, दलित आहेत. विडी वळणारी, यंत्रमागावरची, कचरा वेचणारी माणसे आहेत.

रे नगरच्या इमारती तळमजला आणि वर दोन मजले एवढ्याच. लिफ्टची गरज नाही, म्हणून लिफ्टचे बिल नाही. तिथेही सगळे आलबेल नाही. शहरापासूनचे अंतर हा कष्टकऱ्यांच्या वसाहतीचा कायमचा शाप आहे आणि रोजच्या भाड्यात मजुरी जाते. पण एक गोष्ट तिथे वेगळी घडली. लोक लाभार्थी म्हणून यादीत नाव शोधायला गेले नाहीत. ते सभासद म्हणून आले, वर्षानुवर्षे मोर्चे काढले, स्वतःचा हिस्सा भरला. म्हणून सोलापुरात त्या वसाहतीविषयी बोलताना लोकांच्या तोंडी कीव कमी आणि कौतुक जास्त असते. इमारतीची प्रतिष्ठा रंगाने येत नाही, ती कुणी मागून मिळवली यावरून येते.

आराखड्याचा धडा पुण्याच्या येरवड्यात आहे. केंद्राच्या जुन्या बीएसयूपी योजनेत तिथल्या वस्त्यांतली कच्ची घरे जागच्या जागी नव्याने बांधली गेली. वास्तुविशारद प्रसन्न देसाई आणि महिला मिलनच्या बायका यांनी मिळून ते काम केले. घर साधारण २७० चौरस फुटांचे, म्हणजे आपल्या तीस मीटरपेक्षाही लहान. पण नकाशे घरोघरी दाखवले, बायकांनी त्यात बदल सुचवले आणि गल्ली, चौक, शेजार जिथल्या तिथे राहिला. पुण्यातच जन्मलेल्या बाळकृष्ण दोशींनी इंदूरच्या अरण्य वसाहतीत याहून सोपी गोष्ट केली. लोकांना पाया, संडास आणि एक खोली दिली, बाकीचे घर ऐपतीप्रमाणे ज्याचे त्याने वाढवायचे. त्या कामाला १९९५ मध्ये आगा खान वास्तुकला पुरस्कार मिळाला. मोठ्या वास्तुविशारदाचे मोठेपण यात, की त्याने राहणाऱ्याला आपल्याइतकेच शहाणे मानले.

परभणीसाठी मागणे

राज्याने मे २०२५ मध्ये नवे गृहनिर्माण धोरण मंजूर केले. 'माझे घर, माझा अधिकार' हे त्याचे घोषवाक्य आणि २०३० पर्यंत ३५ लाख घरांचे लक्ष्य. आवास योजनेचा दुसरा टप्पाही २०२४ मध्ये सुरू झाला आहे. म्हणजे पैसा येणार, इमारती होणार. दहा लाखांवर लोकसंख्या असलेल्या शहरांत मोठ्या खासगी प्रकल्पांना २० टक्के जागा छोट्या घरांसाठी ठेवावी लागते. परभणी महापालिका २०११ मध्ये स्थापन झाली आणि त्या वर्षीच्या जनगणनेत शहराची लोकसंख्या तीन लाखांच्या आसपास होती. त्यामुळे तो नियम आपल्याला लागत नाही. इथे जे होईल ते सरकारी जागेवर आणि सरकारी नकाशावरच होईल. म्हणून नकाशावर आत्ताच भांडले पाहिजे.

मागण्या साध्या आहेत. निविदा निघण्याआधी एक नमुना घर खऱ्या मापाचे, बांबू आणि कापडाचे का होईना, मैदानात उभे करा आणि मोहल्ल्यातल्या बायकांना त्यात फिरू द्या. त्या चूल कुठे, ड्रम कुठे, दार कुठे ते सांगतील. ते लिहून घ्या आणि नकाशात उतरवा. तळमजला अधिक तीनच्या वर जाऊ नका. दोन इमारतींमधले अंतर बिल्डरच्या सोयीने कमी करू नका. जिना एवढा रुंद ठेवा की खाट उतरेल. गच्ची राहणाऱ्यांच्या ताब्यात द्या. खाली गाळे काढा आणि त्यांचे भाडे पंप, दिवाबत्ती आणि सफाईसाठी राखून ठेवा, म्हणजे पाच वर्षांनी कुणाला पिचकाऱ्यांचे फोटो काढावे लागणार नाहीत. जागा शहराबाहेरच्या माळावर देऊ नका, बाजारापासून पायी जाता येईल अशी द्या. आणि वाटप सोडतीने, सगळ्या समाजांचे मिसळून करा. कुणी मोर्चा आणला तर त्याला यादी बदलून नव्हे, कायदा दाखवून उत्तर द्या.

हे मागायला आपण जाणार का, हा शेवटचा प्रश्न आपल्यालाच आहे. कब्रस्तानच्या भिंतीसाठी आपण निवेदन देतो, द्यायलाच हवे. पण त्या भिंतीपर्यंत पोहोचण्याआधी साठ-सत्तर वर्षे माणूस कुठे राहतो, यासाठी निवेदन घेऊन गेलेले शिष्टमंडळ मी अजून पाहिलेले नाही. पुढच्या वेळी महापालिकेत जाल तेव्हा निवेदनात एक ओळ वाढवा, "आम्हाला फ्लॅट हवेत, नकाशा आधी दाखवा." आणि सोबत मोहल्ल्यातल्या चार बायका घेऊन जा. नकाशा त्यांनाच वाचता येईल.